देवाला सोडलेली गाडी

तुम्ही कधी काही दान दिलंय का? जुनं लुगडं, उरलेली भाकर, किंवा पात्यावर आजोबांचं नाव रंगवून देवळाला दिलेला पंखा, हे सोडून सांगा. अशी वस्तू सांगा, की जी दिल्यानंतर तिच्याबद्दल बोलताना तुमच्या तोंडून 'माझी' हा शब्द परत निघाला नाही. नीट आठवा. मला घाई नाही.

मी योगीराज. परभणीत दवाखान्याच्या पायऱ्यांवर ज्यांच्या सोबत कुणी नसतं, त्यांची कामं करतो. शाळा माझी लवकर सुटली. कायदा कचेऱ्यांच्या व्हरांड्यात शिकलो आणि माणसं एसटी स्टँडवर. डोकं गरम आहे. थंड डोक्यानं माझं एकही काम आजवर झालेलं नाही, म्हणून मी ते थंड करायच्या भानगडीत पडत नाही. आमचं एक लहानसं मंडळ आहे, सोबत मंडळ, रीतसर नोंदलेलं. त्याच्यासाठी मी लोकांकडं मागतो, आणि मागताना देणाऱ्याच्या हाताकडं बघत नाही, पायाकडं बघतो. दिल्यावर माणूस सरळ घरी जातो, का चार पावलं जाऊन वळून उभा राहतो, यावर सगळं कळतं. आमच्या जिल्ह्यात वळून उभे राहणारेच फार.

तर देणं वेगळं आणि सोडणं वेगळं, हे मला बोरीच्या झुंबरबाईनं दाखवलं. हे तिचं लिहितोय.

झुंबरबाई म्हणजे अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. बोरीच्या पलीकडच्या वस्तीवर तिचं घर आहे, दोन खोल्या, पुढं पत्र्याचं सपार. जवानी सगळी ऊसतोडीत गेली. नवरा ऊस तोडायचा आणि ही बैलगाडी हाकायची, कारण नवऱ्याचं बैल ऐकत नव्हते. ते तीच सांगते: "बैलच काय, त्याचं शेरडूबी ऐकत न्हवतं. लय गरीब माणूस." कारखान्याच्या फाटकावर गाड्यांची रांग लागायची, त्यात बाई एकटी ही, आणि तिच्या पुढं गाडी घालायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेला, गुडघे गेले, मग कोयता तिनं सपाराच्या आढ्याला खोचला आणि मुलाला, महारुद्रला, टोळीबरोबर पाठवलं. घरी राहिल्या ती आणि सून राजेश्री.

राजेश्रीच्या किडन्या गेल्या. का गेल्या, ते डॉक्टरांनी सांगितलं, पण त्या सांगण्यानं त्या परत येत नाहीत. आठवड्यातून दोनदा परभणीला जाऊन डायलिसिस करायचं. झुंबरबाई त्याला रक्त धुणं म्हणते. जायचं एसटीनं, ते एक वेळ जमायचं. खरा छळ परतीचा. सुई काढल्यावर बाईला चक्कर येते, पाय लटपटतात, मळमळतं, आणि अशा वेळी संध्याकाळची भरलेली गाडी. भाड्याची जीप एखाद्या वेळी कुणीही करतो, पण आठवड्यातून दोनदा आणि जन्मभर कोण करणार?

मी या दोघींना पहिल्यांदा पाहिलं ते स्टँडवर. गाडीत राजेश्री सीटच्या दांडीला लोंबकळत उभी, आणि झुंबरबाई एका मिशाळ माणसाला उठवायलीय.

"ऊठ रे बापू."

"रिझर्व्हेशन हाय का तुमचं?"

"तुझ्या मायनं तुला नऊ महिने वागवलं, तिचं काय रिझर्व्हेशन होतं? ऊठ."

उठला तो. पण दर वेळी उठत नव्हते. हिवाळ्यात एक दिवस राजेश्री गाडीतून उतरली ती स्टँडच्या कट्ट्यावर बसून राहिली, आणि सासूला म्हणाली, "आत्या, मी आता जाणार न्हाई. मरण येऊ द्या, पण घरी येऊ द्या. एसटीत नको."

झुंबरबाईनं तिला धरून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं आली आणि म्हणाली, "योगीभाऊ, पोरगी जायला नाही म्हणत न्हाई. यायला नाही म्हणायलीय. तिला आणायचं काय करता बोला."

वालूरला दिनकररावांचं नाव मोठं. जमीन काळी, विहिरींना पाणी, घर पक्कं, आणि कुठल्याही कार्यक्रमात माईकजवळची खुर्ची त्यांची. मुलगा आदिनाथ पुण्यात. त्यानं विजेवर चालणारी मोटार घेतली होती. मग तिची बॅटरी दमायला लागली, म्हणून त्यानं नवी घेतली आणि जुनी गावाकडं पाठवून दिली, जशी माणसं जुना फ्रिज पाठवतात. लहानशी राखाडी गाडी. दिनकररावांना ती आवडली नाही. "आवाजच न्हाई तिला. आपण आलो ते लोकांना कळायला नको?" त्यामुळं ती लिंबाखाली उभी असायची आणि त्यांची बायको सुमनबाई तिच्या टपावर वाळवणं घालायच्या.

वालूरच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी दिनकररावांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, की आमची विजेची गाडी मारुतीरायाला अर्पण. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर देवळाचे म्हातारे पुजारी राधाकिशन पंगतीतून म्हणाले, "मालक, आमचा देव उडत जातो. त्याला गाडी काय करायचीय?"

पंगत हसली. दिनकरराव पण हसले, पण वरच्या ओठानं. मी पंगतीतच होतो, हात भाताचा होता, तसाच उठलो.

"दिनकरराव, मारुतीनं संजीवनी आणली ती कुणासाठी? स्वतःसाठी का आजाऱ्यासाठी? गाडी आमच्या मंडळाला द्या. बोरीचं एक लेकरू रक्त धुवायला परभणीला जातंय. दान बोललात, अख्खी पंगत साक्षीला हाय."

माईक चालूच होता. नाही म्हणायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. झालं, कागद मंडळाच्या नावावर झाले. मी पाठपुरावा केला, आणि माझ्या पाठपुराव्यापुढं कचेऱ्या लवकर थकतात. हार घालून, फोटो काढून दिनकररावांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी त्यांच्या पायाकडं बघितलं. चार पावलं गेले आणि वळून उभे राहिले.

गाडी पहिले काही महिने मी चालवली. शेजारी झुंबरबाई, मागं राजेश्री आडवी. जाताना जायची ऐटीत. येताना मात्र अर्ध्या वाटेवर बॅटरी मान टाकायची. दवाखान्याच्या आवारात वायर ओढता येत नव्हती, आणि शहरातल्या चार्जिंगच्या मशीनचं तोंड आमच्या जुन्या गाडीला बसत नव्हतं. मग काय, डिकीत लांब वायर आणि तोंडात विनंती. पहिल्या ढाब्यावर म्हणाले, मीटर पळतं. पुढं रस्त्याला लागून पिठाची गिरणी आहे, अपेक्षा नावाची पोरसवदा बाई चालवते. तिथं पॉइंट दणकट असतो. ती म्हणाली, "भाऊ, गिरणी माझी हाय, पेट्रोल पंप न्हाई." मी तिला चार शब्द सुनावले. तिनं मला पाच सुनावले. तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या दिवशी आम्ही गाडी ढकलत झुंबरबाईच्या एका नात्यातल्या घरापर्यंत नेली, आणि ढकलणारे दोघंच होतो, मी आणि ही म्हातारी.

मधल्या काळात झुंबरबाई गाडी चालवायला शिकली. मला वाटलं होतं वेळ लागेल. ती म्हणाली, "ह्याला गेअर न्हाई, क्लच न्हाई. कासरा तेवढा हाय. बैलापेक्षा सोपं, हे मुततबी न्हाई." कच्चं लायसन झालं, मग पक्कं झालं. पक्क्याच्या फोटोत ती अशी बघतीय, जशी फोटो काढणाऱ्यालाच दंड करणार आहे. मग गाडी बोरीलाच तिच्या सपाराखाली राहायला लागली.

आणि इथून दिनकररावांचे फोन सुरू झाले.

आधी जावयाला आणायला सेलू स्टेशनला पाहिजे होती. मग पाहुण्यांना लग्नाच्या बस्त्याला न्यायला. "योगीराज, आमचीच गाडी हो. एक दिवसानं काय झिजती का?" मी जितक्या वेळा नाही म्हणालो तितक्या वेळा त्यांना ते ऐकू आलं नाही. आमच्याकडच्या मोठ्या माणसांच्या कानाची ती रीतच आहे.

एके दिवशी पहाटे झुंबरबाई उठली तर सपार रिकामं. गाडीला आवाज नाही, हे दिनकररावांना आवडत नव्हतं, पण त्या दिवशी तेच त्यांच्या कामाला आलं. त्यांचा भाचा प्रीतम येऊन गाडी घेऊन गेला होता, आणि दाराशी निजलेल्या बाईला पत्ता लागला नाही. उजाडल्यावर त्याचा फोन आला. "मावशी, फिकीर करू नका. मामांनी नेलीय, साखरपुड्याला. सांजच्याला आणून लावतो."

"किल्ली कुठली तुझ्याकडं?"

"दुसरी होती ना मामाकडं."

दोन किल्ल्या असतात. एक दिली होती, एक ठेवली होती. मी वळलेले पाय पाहिले होते, पण खिशातली किल्ली मला दिसली नव्हती.

तो दिवस राजेश्रीच्या डायलिसिसचा. झुंबरबाई तिला घेऊन फाट्यावर आली, एक गाडी थांबली नाही, दुसरीत चढता आलं नाही, आणि राजेश्री म्हणाली, "राहू द्या आत्या, घरी चला." डायलिसिसची पाळी चुकली. संध्याकाळी गाडीपण परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं तोंड सुजून इतकं झालं होतं, की झुंबरबाई म्हणते मला माझी सून ओळखू आली नाही. श्वास पुरत नव्हता. शेजाऱ्याच्या टेंपोत घालून तिला नेली, डॉक्टरांनी वाचवली, आणि वाचवल्यावर झुंबरबाईला बाजूला घेऊन सांगितलं, की परत एक पाळी चुकली तर आमच्या हातात काही राहणार नाही.

राजेश्रीला घरी सोडल्यावर झुंबरबाईकडची किल्ली घेऊन मी वालूरला गेलो. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिनकररावांनी शांतपणे चहा मागवला. "कागद तुमचे, मान्य हाय. पण आमच्या दारातली गाडी हाय ती. आमचा हक्क म्हणून काही हाय का न्हाई?" मी चहा तसाच ठेवला, लिंबाखालची गाडी काढली आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघालो. बोरीवरून झुंबरबाईला घेतलं, साक्षीला.

ती गाडीत बसली आणि म्हणाली, "योगीभाऊ, तक्रार दिल्यावर गाडी कुठं ऱ्हाईल?"

"ठाण्यात. जप्त होईल, मग सुटेल."

"ठाण्यातली गाडी पोरीला परभणीला नेईल का?"

मी गाडी बाजूला उभी केली. ठाण्याच्या आवारात गंजलेल्या गाड्या मी तिच्यापेक्षा जास्त पाहिल्यात.

"वालूरला चला," ती म्हणाली. "मारुतीला. शनिवार धरून."

"देवाला काय करायचंय?"

"त्यांनी गाडी दिली, पण सोडली न्हाई. ती सोडून घ्यायची."

आमच्याकडं नवस फिटला की गोऱ्हा देवाला सोडतात, हे तुमच्यातल्या गावच्या माणसांना सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. सोडणारा गोऱ्ह्याला हळद-कुंकू लावतो, पाठीवर थाप मारतो, "जा, देवाचा झालास" म्हणतो. मग त्याला तापल्या लोखंडाचा डाग देतात, कुणालाही ओळखू यावा म्हणून. त्या दिवसापासून तो कुणाचा नाही. सोडणाऱ्याचा तर अजिबातच नाही. त्यानं परत दावणीला बांधला तर गाव त्याच्या तोंडावर थुंकतं. गोऱ्हा कुणाच्याही दारात उभा राहतो, आणि ज्याच्या दारात राहील त्यानं त्याला पेंढी टाकायची. जित्या जनावराला डाग द्यायची रीत आता कमी झालीय. बरं झालं. मी स्वतः त्यासाठी दोन गावांत भांडलोय. पण मोटारीला कातडी नसते.

शनिवारी गाडी मारुतीपुढं उभी केली. झुंबरबाईनं तिला धुतली होती, पुढच्या काचेला झेंडूची माळ बांधली होती, शेजारी पाटीत घुगऱ्या. मागच्या सीटवर राजेश्री, डोक्यावर पदर घेऊन. दिनकररावांना निरोप होता, की देणाऱ्याशिवाय देवाचं काम होत नाही. सत्काराचा वास त्यांना लांबून येतो. पांढरा फेटा बांधून आले, प्रीतमला फोटोला घेऊन आले. शनिवार म्हणून देवळात गर्दी होतीच, ती सगळी गाडीभोवती जमली.

राधाकिशन पुजाऱ्यांनी हळदीची वाटी दिली. दिनकररावांनी हळद लावली, कुंकू लावलं.

"आता थाप मारा मालक, आणि म्हणा," झुंबरबाई म्हणाली.

"काय म्हणू?"

"जा, देवाची झालीस."

त्यांनी बॉनेटवर थाप मारली, प्रीतमकडं बघत, म्हणजे फोटो नीट यावा. "जा, देवाची झालीस." आवाज माईकचा होता, देवळाच्या मागच्या पारापर्यंत गेला.

तोवर झुंबरबाई देवळापुढं शेणी पेटवून केलेल्या निखाऱ्यांच्या आराजवळ गेली होती. आढ्याला खोचलेला कोयता तिनं आणला होता, तो तिनं आधीच आरात ठेवला होता, आणि त्याचं पातं आता लाल झालं होतं. मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी अडवलं नसतं, पण बंपर कशाचा असतो ते तरी बोललो असतो.

तिनं तो कोयता पाठीच्या बाजूनं गाडीच्या नाकावर टेकवला, बैलाला टेकवतात तसा, हलका.

कोयता आत गेला. गुळाच्या ढेपेत सुरी जाते तसा. बंपर फसफसला, काळा धूर निघाला, जळक्या प्लॅस्टिकचा असा वास सुटला, की लोकांनी फेट्याचे शेव नाकाला लावले. झुंबरबाईनं घाबरून कोयता ओढला तर त्याच्याबरोबर प्लॅस्टिकची तार लांबत आली, वडाच्या चिकासारखी.

"अगं माय," ती म्हणाली. "ह्याला पत्रा न्हाई?"

"बंपर आहे तो," मी म्हणालो. "प्लॅस्टिक."

"गाडी म्हणल्यावर पत्रा नको का? एवढ्या महागाची गाडी आन तोंड बादलीचं?"

तेवढ्यात दिनकररावांचा आवाज फुटला. "ए बाई, गाडी जाळली माझी."

सगळं देऊळ त्यांच्याकडं वळलं.  दिनकरराव आजूबाजूला बघायला लागले, आपण काय बोललो ते त्यांना अजून कळलं नव्हतं.

राधाकिशननी हातातली वाटी खाली ठेवली. "मालक, आत्ता थाप कोणी मारली?"

"ते... अहो पण ती जाळली तिनं."

"डाग हाय तो. खोल बसला, एवढंच. डाग दिलेलं जनावर सोडणाऱ्यानं माझं म्हणलं, असं मी तर या पारावर कधी ऐकलं न्हाई. तुमी ऐकलं का रे?" त्यांनी गर्दीला विचारलं.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "न्हाई बुवा." मागून एक बाई म्हणाली, "अन् फोटोबी काढलाय की."

आणि मग एक हसू ऐकू आलं. गाडीच्या आतून. राजेश्री हसत होती, पदर तोंडात कोंबून, खांदे हलेपर्यंत. तिचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. झुंबरबाई खिडकीत वाकून म्हणाली, "हस, हस. सासूची फजिती झाली की सुना हसतातच." पण कोयता आरात टाकून तिनं पदरानं डोळे पुसले, आणि धुरानं चुरचुरतंय म्हणाली.

राधाकिशननी त्या खड्ड्यात मारुतीच्या अंगचा शेंदूर भरला. आमच्या राखाडी गाडीच्या नाकावर आता शेंदराची चंद्रकोर आहे.

दिनकरराव त्या दिवशी घुगऱ्या न खाता गेले. सरळ गेले. मी बघत होतो, वळले नाहीत.

एवढ्यानंच संपलं असतं तरी मी लिहिलं असतं. पण गोऱ्हा सोडल्यावर त्याला चारा घालायचा असतो, हा रिवाजाचा दुसरा भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता. लोकांच्या डोक्यात आला.

पुढच्या पाळीला परत येताना गिरणीजवळ बॅटरीनं मान टाकली. मी शेजारी बसलो होतो, भांडायच्या तयारीनं बाह्या वर केल्या. तर अपेक्षा गिरणीतून बाहेर आली, हात पिठाचे, गाडीच्या नाकाकडं बघितलं.

"हीच का वो, वालूरच्या मारुतीची?"

"हीच," झुंबरबाई म्हणाली.

"मग बाहेर कामून उभी केली? आत घ्या सावलीला." आणि वायरचं टोक तिनं स्वतः ओढून नेलं. मला म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई हं भाऊ. देवासाठी."

मी म्हणालो, देवाला सांगतो.

गाडी चार्ज व्हायला वेळ लागतो. तोवर अपेक्षानं बाज टाकली, राजेश्री तिच्यावर आडवी झाली, गिरणीच्या घरघरीत तिला झोप लागली. उठल्यावर डॉक्टरांनी चालेल म्हटलेले दोन घास खाल्ले. त्या बाजेनं जे केलं ते औषधानं केलं नव्हतं: परतीच्या वाटेची भीती गेली. आता राजेश्री स्वतः विचारते, "आत्या, उद्या गिरणीवर थांबायचं ना?" जाते. एक पाळी चुकलेली नाही. महारुद्र टोळीवरून आला तेव्हा तो घाबरतच घरात शिरला, आणि बायको त्याला दारात भेटली, धुणं वाळत घालताना.

बातमी रस्त्यानं पसरली. ढाब्यावाल्यानं बोलावून वायर दिली. एका वस्तीवर बायकांनी गाडीच्या प्लगच्या झाकणाला हळद लावली. मी ओरडलो, त्यात हळद जाऊ देऊ नका म्हणून, आता वरच्या वर लावतात. राजेश्रीबरोबर त्याच रस्त्यावरचे आणखी पेशंट बसायला लागले.

फायदा उठवणारे पण आले. एक जण खताच्या गोण्या घेऊन फाट्यावर उभा. "देवाची गाडी ना? म्हणजे सगळ्यांची. घ्या टाकून डिकीत."

झुंबरबाईनं काच खाली केली. "देवाच्या गोऱ्ह्याला कोणी जू लावतं का?"

"न्हाई."

"पाठीवर पोतं टाकतं का?"

"न्हाई."

"मग तुझं खत तुझ्या पाठीवर घे. तुला कोणी देवाला सोडलं न्हाई अजून." आणि काच वर. आवाज न करता गाडी निघून गेली, तो गोण्यांपाशी उभा.

मागच्या महिन्यात वालूरच्या एका म्हाताऱ्याला आणून सोडायला गेलो होतो. सोडलं, आणि गावातून निघताना गाडी थांबली. कुठं थांबली असेल? दिनकररावांच्या फाटकासमोर. मी झुंबरबाईला म्हणालो, ढकलू, पुढं देऊळ आहे. ती म्हणाली, "गोऱ्हा जिथं थांबला तिथं थांबला. आपण कोण ढकलणारे?" आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

माडीवरच्या खिडकीत पांढरा सदरा दिसत होता. हलला नाही. आम्ही पण हललो नाही. मी फाटकाला लाथ मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात खालची खिडकी उघडली आणि सुमनबाईंचा हात बाहेर आला, वायरचं टोक धरून.

"घ्या. ह्यांना सांगू नका."

मी वर बघितलं. "ते वरून बघायलेत की."

"बघू द्या. बघतेत ते बघू द्या, पण सांगू नका."

मी टोक ओढलं. वायरला एक चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीत गाडीची दुसरी किल्ली.

झुंबरबाईनं किल्ली हातावर उलटीपालटी करून बघितली आणि कंबरेला खोचली. वर खिडकीकडं बघून मोठ्यांदा म्हणाली, "सुमनबाई, मालकांना सांगा, आता खरी सुटली." वरचा सदरा आत गेला. थोड्या वेळानं गड्याच्या हातून चहा आला, दोन कप. या वेळी मी प्यायलो.

आता तुमच्याकडं वळतो. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला नको आहे, ते तुमचं तुम्हाला ठेवा. तुमच्या दारात एखादी जुनी विजेची गाडी टपावर वाळवणं घेऊन उभी असेल, तर आमच्या मंडळाला द्या, आणि देताना दोन्ही किल्ल्या द्या. गाडी नसेल तरी चालेल. जिंतूर-परभणी रस्त्यावर तुमचं घर, दुकान, गिरणी, काहीही असेल, आणि नाकावर शेंदराची चंद्रकोर असलेली राखाडी गाडी समोर येऊन थांबली, तर कुणाची म्हणून विचारू नका, मीटरकडं बघू नका. खिडकी उघडा, वायर बाहेर द्या, आणि सावलीत एक बाज टाका.